आतड्यातला निरुपद्रवी फुगवटा

३ मार्च
हिमोग्लोबिन साडेआठ. लॅबवाल्यांचं मशीन बिघडलंय. बायको म्हणाली, चेहरा पांढराफटक पडलाय. म्हणालो, दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांची आतडी बघतो, गोरा होणारच.

५ मार्च
कॅप्सूल गिळली. गोळीएवढा कॅमेरा, लहान आतड्यातून फोटो काढत, कमरेच्या रेकॉर्डरला पाठवत जातो. तपासणी म्हणून नव्हे हं. पुढच्या महिन्यात कॉन्फरन्समध्ये माझं व्याख्यान आहे, 'गाठ की नुसता फुगवटा?' त्यासाठी निरोगी माणसाची फिल्म हवीच होती. आपल्यापेक्षा निरोगी कोण?

६ मार्च, सकाळ
फिल्म पाहिली. क्विक व्ह्यूवर, म्हणजे पळवत, चहा गार व्हायच्या आत. एके ठिकाणी फुगवटा, अगदी पुस्तकात छापावा असा. शेजारचं वेटोळं बाहेरून रेटतं तेव्हा भिंत अशी पुढे येते. आला तसा गेलासुद्धा. नाव न टाकता स्लाइडमध्ये घेतला.

६ मार्च, दुपार
माझ्या ज्युनियरनं स्लाइड पाहिली. तिचं म्हणणं, क्विक व्ह्यू एकसारखे फोटो गाळतो. साध्या वेगात बघितलं तर कॅप्सूल त्या फुगवट्यापुढे बराच वेळ अडकलीय, कडा ठळक आहेत, पुढची वाट दिसत नाही. सर, ही गाठ आहे. हे सगळं तिला मीच शिकवलं. आता गुरूची विद्या गुरूलाच! म्हणालो, कॅप्सूल दमली असेल. कुणाची फिल्म ते सांगितलं नाही, उगाच जीवाला घोर लावून घेईल. निदान व्याख्यानात मूळ वेगातली क्लिप दाखवा म्हणाली. स्लाइडला जोडली. कर नाही त्याला डर कशाला?

२१ मार्च
दोन-तीन दिवसांत पडायची ती कॅप्सूल अजून बाहेर पडलेली नाही. किंवा पडली असेल, माझं लक्ष नसेल. बायकोनं विचारलं, संडासात एवढा वेळ काय करता? वाचन, म्हणालो. संकल्प: उद्या एक्स-रे.

२२ मार्च
एक्स-रे राहिला. काढायचा तर टेक्निशियनला कळणार, म्हणजे गावभर. जिना चढताना धाप लागली. संकल्प: लिफ्टनं जाणे.

२ एप्रिल
जेवताना एकदम भीती वाटली. बायको वाढत होती, तिच्याकडे बघवेना. ॲसिडिटी असावी.

९ एप्रिल
व्याख्यान. हॉल खच्चून भरलेला. क्लिप लावली आणि म्हणालो, ज्यांना ही गाठ वाटते त्यांनी हात वर करा. चारदोन कच्चे गडी फसतील असा अंदाज होता. सगळे हात वर. माइक फिरवणाऱ्या माणसाचासुद्धा. मग फुगवटा वाटणाऱ्यांना विचारलं. एकही हात नाही. माझाही उचलला गेला नाही.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या सर्जननं माइक घेतला. सुंदर केस आहे म्हणाले, पोस्टमॉर्टेममध्ये काय निघालं?

ते अजून व्हायचंय, म्हणालो. हॉल हसला. मी बसायला खुर्ची मागितली.