डबा जळू नये म्हणून

आषाढ वद्य दशमी, १९४८. पहाटे.
धाकट्या भावाला, मानसिंगला, तारेची चावी वाजवायला मीच शिकवलं. ब्रह्मदेशातून त्याची बातमी आली, तो आला नाही. हल्ली पहाटे रेडिओत त्याचा हात, चावी दाबायची त्याची ढब, ऐकू येते. शेवटची रेघ लांबवायची खोड त्याचीच. फार क्षीण. म्हणून एरियल आणि रेडिओच्या मध्ये आवाज वाढवणारा डबा बसवला. भूतबित मी मानत नाही. फक्त खात्री करायची आहे.

द्वादशी.
सांगलीहून धरणेंद्र आला. रेडिओ दुरुस्त करतो. म्हणाला, दादा, ऐकायला आन् चावीनं पाठवायला एरियल एकच हाय. पाठवायच्या आधी डबा त्यापासनं तोडला न्हाई तर जळून खाक. आपोआप तोडणारा रिले बसवा. मी म्हणालो, पात्याचा खटका आहे. आधी पातं ओढायचं, मग चावी दाबायची. पलटणीतली सवय. चुकणं नाही.
म्हणाला, माणूस इसरतंय की.
मी हसलो.

अमावास्या.
दोन अक्षरं लागली. डी, ए. पुढचं खरखरीत गेलं. म्हणजे 'दादा'च. राहीला सांगितलं. म्हणाली, आवं, भावजी यायचं असतं तर दारानं आलं असतं, तारंतनं कशापायी? दूध उतू गेलं तरी चुलीपाशीच बसून होती.
उत्तर द्यायचं नाही, नुसतं ऐकायचं. नेम केला.

श्रावण शुद्ध पंचमी. पहाटे.
नागपंचमी. आज शिराळ्यात कोणी चिरत नाही, तोडत नाही. राहीनं विळी पालथी घातली. मीही खटक्याच्या पात्याला कुंकू लावून दोऱ्यानं बांधलं. पातं ते पातं. आज नुसतं ऐकणार.

तीच सकाळ.
तो आला. मी उत्तर दिलं.
डब्यातून उदबत्तीएवढा धूर निघाला. मग काही नाही.
खटक्याचा दोष नाही. सणाचा मान राखला.

पौर्णिमा.
धरणेंद्रनं नवा डबा आणला, रिलेसकट. म्हणाला, आता इसरा खुशाल. बोलणाऱ्याचं नावगाव नीट लिवून घ्या, म्हंजे कोण हाय ती शंका मिटली.
उद्या जोडतो.

वद्य अष्टमी.
उपास. रिकाम्या पोटी विजेचं काम बरं नव्हे.

अमावास्या.
पोळा. आज बैलांनाही सुट्टी.

भाद्रपद शुद्ध दशमी.
डबा देवघरात आहे. राही रोज पुसते. पहाटे रेडिओपाशी बसतो. नुसती खरखर. आज राहीनं विचारलं, आलं का भावजी? म्हणालो, डबा जोडला नाही ना अजून.
ती चहाचा दुसरा कप घेऊन शेजारी बसली.
धरणेंद्रला निरोप धाडला: डबा उत्तम आहे. अजून जळला नाही.