माउलीच्या कानामागचा डाग

२८ सप्टेंबर

ही आपली माउली नाही!

सात तारखेच्या सणाच्या साजाचं माप घ्यायला दुपारी चर्चमध्ये गेले. दार लावलं, पडदे ओढले — मरियामाउलीच्या मूर्तीचे कपडे बदलताना पुरुषाने बघायचं नाही. आजीपासून हे काम आमच्याच घरातल्या बायकांकडे. (माझा पोरगा लाउरो तेवढा लहानपणी टाचण्यांचा डबा धरून बसायचा. लेकरूच ते.) गालाला हात लावला तर कोमट! माउलीचा चेहरा हस्तिदंताचा, भर उन्हाळ्यातही गार लागतो. तिचं डोकंही वाळक्या भोपळ्यासारखं हलकं. केसांचा टोप काढला. आजीच्या मेणबत्तीने भाजलेला कानामागचा डाग होता तिथेच होता. म्हटलं चला, मलाच भास झाला. नखाने खरवडला — रंग निघाला.

२९ सप्टेंबर

कुणाला बोलले नाही.

१ ऑक्टोबर

आपले धाकटे फादर निलो मागच्या महिन्यात भर प्रवचनात म्हणाले, चर्चची जुनी चांदी, जुने संत मनिलाच्या श्रीमंतांकडे चाललेत, आणि मोठ्या फादरांना सगळं ठाऊक आहे. बिशपांनी काय करावं? फादर निलोंनाच चर्चमध्ये मिस्सा-पूजा करायची बंदी! मोठे फादर गौदेन्सिओ मजेत.

आज बाजारात त्यावरूनच जुंपली. "चोर सोडून संन्याशाला फाशी!" मासळीवाली तोरिया खवले काढता काढता ओरडली.

"हळू गं! घरची लक्तरं वेशीवर टांगायची का?" माझी नणंद पनिंग.

"साज विकून खाल्ला, मग लक्तरंच उरणार!"

"बिशप म्हणजे बाप. बापाला कुणी जाब विचारतं?"

"बाप घर विकायला निघाला तर विचारतात! मानांग सिदा, तुम्ही असता ना माउलीपाशी, तुम्हीच सांगा."

ती मला मानांग, थोरली बहीण म्हणते; आणि मी विचारलं, मासळी ताजी आहे का. भित्री कुठली!

३ ऑक्टोबर

फादर गौदेन्सिओ घरी आले. बिबिंगका, आपला तांदळाचा केक, खाल्ली, वर आणखी एक तुकडा मागून घेतला. "सिदा, माउलीची तब्येत काय म्हणते?" हसले. मग बोटं पुसत, "डिसेंबरात लाउरोची फादर व्हायची गुरुदीक्षा ना? बिशप विचारत होते, घरची माणसं कशी आहेत. आज्ञेत राहणारी आहेत ना?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार! लाउरोचा बाप समुद्रात बुडाला तेव्हापासून मी त्या एका दिवसावर डोळे लावून बसलेय. बोलले तर पोराची दीक्षा गेली. गप्प बसले तर सगळं गाव खोट्या माउलीचे हात चुंबणार, आणि फादर निलो जन्मभर खोटारडे ठरणार.

४ ऑक्टोबर

माउली, कुठे आहेस गं? कुणाच्या दिवाणखान्यात?

५ ऑक्टोबर

कपडे वाळत घालताना एकदम मनात आलं. डाग तर टोपाखाली असतो. तो रंगवणाऱ्याला सांगितला कुणी? आजी गेली, आई गेली. पनिंगने माउलीला टोपाशिवाय कधी पाहिलेलं नाही. मग राहिलं —

नको. पुढे लिहीत नाही.

६ ऑक्टोबर

लाउरो सेमिनरीतून सणाला आला. दारातूनच 'नानाय!' म्हणून आईला हाक. वाळलाय. जेवताना एकदाचं बोलून टाकलं, "बाळा, चर्चमधली माउली आपली नाही रे. बदललीय."

चमचा थांबला. "काहीतरीच काय, नानाय! कानामागचा डाग आहे ना तिला?"

डागाचं मी अवाक्षर काढलं नव्हतं. म्हटलं, "खरवडला मी तो."

मग ताटात बघत म्हणाला, "फादर गौदेन्सिओंनी फक्त खूण विचारली, नानाय. मी सांगितली. त्यांना नाही म्हणून दीक्षा मिळते का? तू उद्याचा दिवस गप्प राहा. एकदा फादर झालो की आतून सगळं सुधारीन."

आवाज अगदी फादर गौदेन्सिओंचा. मला माझ्याच पोराची भीती वाटली. देवा!

७ ऑक्टोबर

साज चढवायला गेले नाही. फादर निलोंच्या घराकडे निघाले. लाउरो मागून हाका मारत होता, "नानाय! नानाय!" — लहानपणी बाजारात हात सुटला की मारायचा तशा. वळले नाही. फादर निलोंना सगळं सांगितलं. लाउरोच्या नावासकट.