धक्का परवाचा

सोम. ५ जाने.
बीम पुन्हा पडला. रिंगमध्ये इलेक्ट्रॉनांचे पुंजके फिरतात, करंट वाढवला की डुलायला लागतात. तो डोल शमवायला आपलं यंत्र, आपण बनवून पाठवलेलं खोकं. आज चालू केलं तर डोल वाढला आणि सगळे इलेक्ट्रॉन भिंतीवर. ज्यांची रिंग त्या संशोधन केंद्रातल्या लक्ष्मीबाई स्क्रीनवरून अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "मॅडम, तुमचा फीडबॅक फार उत्साही आहे." झोंबलं. सर (कंपनी त्यांची, तोंडही त्यांचंच) म्हणाले, "महिनाअखेर चाललं नाही तर खोकं परत येणार. मग बिबवेवाडीत त्याच्यावर काय, पापड वाळवू?"

मंगळ. ६
मोजणारे इलेक्ट्रोड ठीक. ॲम्प्लिफायर ठीक. मग वेळ पाहिली. सापडलं.
डोल मोजायचा, गणित करायचं, आणि तोच पुंजका फिरून आला की नेमक्या फेरीला उलटा धक्का द्यायचा. फेरी चुकली की झोपाळ्याला झोका दिल्यासारखं होतं. आपला धक्का चुकीच्याच फेरीला जातोय. टेबलावरच्या खोट्या सिग्नलला काहीही चालतं, म्हणून इथे कळलं नाही. बदलून पाहायला रिंग आता पुढच्या मंगळवारीच मिळणार.
ही वेळ मी घातलेली नाही. खोकं पाठवायच्या आधी शेवटचा हात निखिलचा.

बुध. ७
निखिल. माझ्याच हाताखाली शिकला. हल्ली फोन आला की जिन्यात जातो. मी दिसले की "नंतर बोलतो." आज कानावर पडलं ते एवढंच, "हाय की, जमंल." काय जमंल? कुणाशी? हिंजवडीत एक कंपनी असंच खोकं बनवतेय म्हणे.
विचारलं, "वेळ तू बदललीस?"
"तुम्हीच सांगितलं होतं, मॅडम."
डोळ्याला डोळा भिडवून! मी असलं सांगेन? राग असा आला की डबा तसाच परत आणला. घरी अजित म्हणाला, "अगं, मुलगा तसा वाटत नाही." म्हटलं, "तुला कोणीच तसं वाटत नाही. आपला प्लंबरसुद्धा वाटला नव्हता."

शुक्र. ९
सरांना सांगितलं. त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणाले नाही, संशय आहे एवढंच म्हणाले. सर म्हणाले, "म्हणजे तेच."
निखिलने उद्यापासून घरी बसायचं, सर्व्हरवर प्रवेश बंद. त्याने हेल्मेट उचललं, माझ्याकडे बघितलं नाही. चोर असता तर बघितलं असतं का? की नसतं? दोन्हीला कारण सुचतं मला. एकदा डोक्यात किडा शिरला की झालं.

सोम. १२
मार्केट यार्डापाशी टेम्पोंच्या गर्दीत अडकले, पोचायला उशीर. स्क्रीनवर लक्ष्मीबाई कोड उघडून बसलेल्या. "मॅडम, वेळेच्या ओळीपुढे तुमच्या भाषेत काहीतरी लिहिलंय. भाषांतर केलं तर दोन अर्थ येतात. कुठला धरू?"
पाहिलं. निखिलने लिहिलेलं: धक्का परवाचा.
वाक्य माझं. आमच्या दोघांची बोलीच ती. चालू फेरी म्हणजे आज, मागची काल, पुढची उद्या. पॅकिंगच्या गडबडीत मी या टेबलावरून त्या टेबलाकडे ओरडले होते, "धक्का परवाचा ठेव रे." मला म्हणायचं होतं, परवा झालेल्या मोजमापावरून काढलेला, तो आजच द्यायचा. त्याने धरलं, आज तयार झालेला आणखी दोन फेऱ्या राखून येत्या परवाला द्यायचा. त्याचंही बरोबर. मराठीच तशी.
म्हणजे खरंच मीच सांगितलं होतं.
लक्ष्मीबाईंना म्हटलं, "मागचा धरा." त्या म्हणाल्या, "लिहिणाऱ्याने पुढचा धरलाय." आणि हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळ. १३
वेळ बदलली. करंट चढवत नेला. डोल उठला आणि गपकन बसला. बीम शांत. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. हा आनंद तासभर टिकला असेल.
सरांकडे गेले. "निखिलची चूक नाही. माझं बोलणं दुहेरी होतं."
"पण तुमचा संशय होता ना?"
"होता. चुकला."
"मग आता मी काय करू, पेढे वाटू?" मग चष्मा पुसत बसले. माणूस चष्मा पुसायला लागला की काहीतरी दडवतोय. शेवटी बोलले. हिंजवडीवाल्यांचा शनिवारी फोन आला होता, निखिल कसा आहे विचारायला. म्हणजे जिन्यातलं ते बोलणं नोकरीचं. बस्स, एवढंच.
"मी त्यांना म्हटलं, पोरगा हुशार आहे, पण जरा जपून."
"अहो, परत फोन करा त्यांना."
"आता केला तर म्हणतील, चार दिवसांत पलटला, नक्कीच काहीतरी भानगड आहे."
हेही खरंच. मीसुद्धा तेच म्हणाले असते.

शुक्र. १६
बोलावलं म्हणून निखिल आला. सरळ सांगितलं, "माझं चुकलं. तुझ्यावर उगाच संशय घेतला." तो म्हणाला, "मीपण विचारायला पाहिजे होतं, मागचा का पुढचा." एवढ्या सहज? क्षणभर तेही खरं वाटेना. काय झालंय मला.
जायला उठला, परत बसला. "मॅडम, रागावणार नसाल तर सांगतो. मी हिंजवडीत दुसरीकडं बघत होतो. जवळजवळ ठरलं होतं. शनिवारपासून फोनच उचलत नाहीत. तुमची कुणी ओळख निघंल ना तिथं? माझं काय चुकलं, एवढंच विचाराल का?"
सरांच्या केबिनचं दार उघडं. आत टायपिंग थांबलेलं.
म्हटलं, "चहा घे आधी."
त्याने घेतला. कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत बसला.