मिसरीविना वर्षावास

२ जुलै

आज अंगणवाडीत फजिती झाली. 'दात घासू या' शिकवत होते. वाटायचे ब्रश अजून आले नाहीत, म्हणून म्हटलं, नुसती ॲक्शन करून दाखवू. उजवं बोट तोंडात घातलं, मान जरा तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, आणि डाव्या बाजूनं सावकाश घासायला लागले. बावीसच्या बावीस पोरांनी तस्संच केलं. मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. मग एकीनं बाजूला वळून दातांच्या फटीतून अशी पिचकारी मारली की आमच्या सासूबाईंनी शाबासकी दिली असती.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी ब्रश शिकवत नव्हते, मिसरी लावायला शिकवत होते.

सगळ्यात झक्कास ॲक्शन परीची. माझीच लेक, साडेचार वर्षांची. खालचा ओठ दाबून धरायलासुद्धा विसरली नाही.

हसावं की रडावं. घरी येऊन दोन्ही केलं. मग हात आपोआप डबीकडं गेला. आजपासून दिवसाला किती वेळा लावली ते खरं लिहायचं. मि. ४.

३ जुलै

पहाटे नेहमीसारखं मागच्या दारी धुण्याच्या दगडावर आत्या, म्हणजे सासूबाई, आणि मी, मध्ये डबी. कालची गोष्ट सांगितली. हसून हसून ठसकल्या. "पोरी हुशार हायेत गं तुज्या."

म्हटलं, आत्या, परीला लागली तर?

बोट तोंडातून काढलं. मग, "तिला कोण देतंय? तुला म्या दिली ते तुजी दाढ दुखत व्हती म्हणून."

खरं आहे. लग्नाला चार महिने झाले होते. माहेरच्या, येडशीच्या आठवणीनं मी न्हाणीघरात जाऊन रडायचे. आत्या कामापुरतं बोलायच्या, त्याहून एक शब्द जास्त नाही. दाढेनं गाल सुजला तेव्हा त्यांनी आपल्या डबीतली चिमूटभर मिसरी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, बस हितं. दाढ थांबली की नाही ते आठवत नाही. बोलणं मात्र त्या दिवशी सुरू झालं ते आजतागायत. सात वर्षं. ह्या घरातलं सगळं त्या दगडावर ठरलं, परीचं नावसुद्धा.

मि. ३.

५ जुलै

सोडायचीच म्हणून डबी घरी ठेवून गेले. साडेदहाला डोकं ठणकायला लागलं. एका पोरीला उगाच ओरडले, बिचारी नुसतं पाणी मागत होती. अकराला, खिचडी शिजत असताना, आठवलं की पर्समध्ये कागदाची पुडी आहे. पहाटे मीच ठेवलेली. नकळत ठेवली असं लिहिलं तर ते खोटं. धान्याच्या पोत्यांआड उभी राहून लावली. बाहेर भिंतीवर 'तंबाखूमुक्त अंगणवाडी', अक्षर माझंच, फुलाफुलांची किनारही मीच काढलेली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मि. १. पण ही एक चारांवर भारी.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

आजपासून वर्षावास, पावसाळ्यातले तीन महिने व्रताचे. संध्याकाळी विहारात वंदना, पंचशील. पाचव्या शीलाला, नशा न करण्याच्या, माझा आवाज दर वेळी बारीक होतो. आत्यांचं म्हणणं, ते दारूसाठी हाय, मिसरीला लागू न्हाय. तीन महिने ग्रंथवाचन कुणी करायचं ते ठरलं. मग एकेकानं उठून संकल्प सांगायचे. कुणी मटण सोडलं, एकानं शिव्या सोडल्या (बघू). मी उभी राहिले आणि बोलून बसले: आश्विन पौर्णिमेपर्यंत मी मिसरी लावणार नाही.

बायकांच्या बाजूला पदर सारखे झाले. निम्म्या जणींच्या कनवटीला डबी.

घरी येईपर्यंत आत्या चार पावलं पुढंच चालल्या. चप्पल काढताना म्हणाल्या, "सोडायची तर गप सोडायची व्हती. चारचौघीत माजं नाक कापलंस. तुला कुणी लावली ते सगळ्या अणदूरला ठावं हाय."

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं पाठीवर हात पडेल. मूर्ख मी.

मि. १, सकाळची. शेवटची?

११ जुलै

दगडावर मी एकटी. आत्या डबी घेऊन शेजारच्या काशीमावशींच्या ओट्यावर. तिथून हसण्याचे आवाज. ब्रश केला, दोन मिनिटांत झाला. मग काय करायचं? बसून राहिले. दगड गार.

मि. ०.

१५ जुलै

डोकं. आज पाचवा दिवस. आमटीत मीठ दोनदा पडलं, ह्यांनी विचारलं तर मीच भांडले. हे लाईनमन. म्हणाले, "खांबावरचा करंट परवडला, निदान मेन स्विच तरी बंद करता येतो." मग स्वतःच ताटात पाणी ओतून घेऊन जेवले, गुपचूप. चांगला माणूस आहे.

पोटाचे हाल वेगळेच. आत्या इतकी वर्षं सांगायच्या की मिसरीबिगर पोट साफ होत न्हाय, आणि मी हसायचे. आता हसू बंद. पहाटे दोन तांबे कोमट पाणी, मग शाळेपर्यंत चालून यायचं. आज जरा जमलं. ही बातमी कुणाला सांगणार? आत्यांनाच सांगितली असती.

मि. ०.

२१ जुलै

तलफ आली की चिमूटभर भाजलेला ओवा आणि तीळ. डबी जुनीच वापरते, कमरेला काहीतरी लागतंच.

एक शहाणपणा केला. अंगणवाडीतला तोंडाच्या रोगांचा तक्ता घरी आणून स्वयंपाकघराच्या दाराला लावला. कुणाला उद्देशून नाही, असाच. आत्यांनी भाकरी थापता थापता बघितला. संध्याकाळी येऊन बघते तर तक्ता उलटा टांगलेला आणि कोऱ्या बाजूवर परीनं कोंबडी काढलेली. खडू आजीनं दिला म्हणे.

कोंबडी चांगली आलीय. तक्ता परत नेला.

मि. ०.

३ ऑगस्ट

आज चोवीस दिवस. शेंगदाण्याच्या चटणीला इतकी चव असते? लसूण वेगळा कळतो, जिरं वेगळं. हे म्हणाले तोंडाला वास येत नाही आता. कुठल्या वेळी म्हणाले ते लिहीत नाही.

पण. नळावर काशीमावशी म्हणाल्या, "मंगल, सासूचा गुडगा लई सुजलाय गं, तेल लावत जा की."

मला माहीतच नाही. एका घरात राहून, एका ताटातली भाकरी खाऊन. आधी त्यांच्या अंगातली कळ निघाली की पहिली मला कळायची, दगडावर. संध्याकाळी तेल कोमट करून गेले तर, "ऱ्हाऊ दे. लावलं काशीनं."

लिहून ठेवते म्हणजे उद्या स्वतःला फसवणार नाही: मिसरीची आठवण आता येत नाही. त्या बसण्याची येते. लई येते.

९ ऑगस्ट, श्रावण पौर्णिमा

पहाटे ब्रशला पेस्ट लावली आणि सरळ काशीमावशींच्या ओट्यावर जाऊन बसले. न विचारता. दोघी बोटं तोंडात तशीच ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या. मी घासतेय.

आत्या म्हणाल्या, "फेस बघ की कसा, पिसाळल्यावाणी."

काशीमावशींना हसू आवरेना, लुगड्यावर थुंकल्या. मी हसले तर पेस्ट नाकात गेली. वीस मिनिटं दात घासले. असेच घासले तर वर्षात संपतील. पण गुडघ्याचं कळलं, काशीमावशींच्या जळकोटच्या लेकीला आठवा लागलाय ते कळलं, खंडोबाच्या देवळामागच्या वळणावर ट्रॅक्टर कसा उलटला तेही कळलं.

मि. ०. पोट भरल्यासारखं वाटतंय.

१२ ऑगस्ट

रोज जाते. आज परी मागून आली, आपला ब्रश घेऊन. आजी आणि काशीआजीच्या मध्ये शिरून बसली. आत्यांनी तिला जवळ ओढून मुका घ्यायला तोंड पुढं केलं तर पोरीनं नाक धरलं. "आजी, वास!"

आत्या हसल्या. पण डबी पदराखाली सारली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

२८ ऑगस्ट

काशीमावशी लेकीकडं जळकोटला गेल्या, बाळंतपण होईपर्यंत. पहाटे दार उघडते तर आत्या आमच्या दगडावर. जणू मधे काही झालंच नाही.  मी तांब्याभर कोमट पाणी पुढं केलं.

"ह्ये कशाला?"

"असंच."

प्यायल्या. मग मी चालायला निघाले तर चप्पल घालून मागोमाग आल्या. शाळेपर्यंत जाऊन आलो. जाताना गुडघ्याला शिव्या, येताना नाही.

आनंद झाला. एवढंच लिहिते.

७ सप्टेंबर

डाळीचा डबा काढताना वर लक्ष गेलं. तंबाखू भाजायचा तो कानतुटका तवा, खिळ्याला टांगलेला, त्यावर कोळ्याचं जाळं. आषाढापासून आत्या काशीमावशींच्या चुलीवर भाजायच्या, मान्य. पण मावशी जाऊन दहा दिवस झाले. आणि आत्यांची डबी तर रोज पहाटे उघडते. मग मिसरी येते कुठून?

विचारणार नाही. कोंबडीवाल्या तक्त्यानं एवढी अक्कल दिलीय.

१४ सप्टेंबर

परी बाहुलीला मिसरी लावत होती!  डबी ओढून घेतली तर रिकामी, पावडरची जुनी. परी भोकाड पसरून म्हणाली, "त्यात काय न्हाय! आजीच्या डबीत बी काय न्हाय! आजी नुसतं बोट घासती!"

१५ सप्टेंबर

पहाटे नीट बघितलं. डबी उघडली, बोट आत घातलं, मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. सावकाश डावीकडून उजवीकडं. मग बाजूला वळून पिचकारी. पांढरी. नुसती थुंकी.

रिकामं बोट. माझ्या बावीस पोरांसारखं.

 चूळ भरायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. सुनेपुढं हरायचं नाही म्हणून रोज पहाटे ही बाई... बोलले काही नाही. विहारात एकदा तोंड उघडलं तेवढं पुरे.

मि. ०. शेजारी त्यांचाही आकडा लिहावासा वाटला. नाही लिहिला. त्यांच्या तोंडून येईल तेव्हा.

२६ सप्टेंबर

अंगणवाडीत ब्रश आले, एकदाचे. बोट बंद, ब्रश चालू. पिचकारीवाली विचारते, "बाई, ह्येनं थुकायचं कसं?"

येताना दुकानातून एक मोठा ब्रश घेतला, हिरवा. न्हाणीच्या खिडकीत माझ्या शेजारी ठेवून दिला. कुणाचा ते सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. चालणं मात्र रोज चालू. आता हेही येतात, रविवारी. परी खांद्यावर.

३० सप्टेंबर

हिरवा ब्रश अजून कोरडा.

६ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा

वर्षावास संपला. विहारात खीर झाली. माझा संकल्प पार पडला म्हणून बायकांनी कौतुक केलं, दोघींनी हळूच विचारलं, डोकं किती दिवस दुखतं गं? शिव्या सोडणारा तिसऱ्याच दिवशी घसरला होता म्हणे.

आत्या वंदना झाल्या झाल्या घरी निघून गेल्या होत्या. मी आले तर दारातच ठसका लागला. चुलीवर कानतुटका तवा. आत्या तंबाखू भाजतायत.

त्या वासासरशी तोंडाला पाणी सुटलं. जवळजवळ तीन महिन्यांनी, क्षणात. खोटं कशाला लिहू.

"तुजा वर्षावास सपला न्हवं? शबूद पाळलास. तुज्यासाठी भाजली, ताजी." कुटून, चाळून, डबी काठोकाठ भरून माझ्या तळहातावर ठेवली. सात वर्षांपूर्वी चिमूट ठेवली होती, अगदी तश्शी. डबी अजून गरम. डोळे धुरानं लाल झालेले, आणि तोंडभर हसत होत्या.

परत दिली तर पुन्हा नाक कापलं. घेतली तर सगळं पाण्यात.

म्हटलं, सकाळी बघू, आत्या.

७ ऑक्टोबर

पहाटे दगडावर दोघी. मध्ये डबी. परी पायरीवर ब्रश तोंडात धरून बघतेय.

मी म्हटलं, "आत्या, आधी तुम्ही घ्या."

त्यांनी डबीचं झाकण उघडलं, परत लावलं. मग दुसरीकडं बघत, "म्या सोडली की. कवाच."

"कधी?"

"काशी गेली तवा. पोरगी मुका घिऊ देईना."

"मग रोज बोट घासता ते?"

"तर मग हितं कशाला बसायचं? तू काय इचारशील, मी काय सांगू?"

"मी कशाला बसत होते, आत्या? ब्रशसाठी?"

 त्यांनी गुडघ्यावरचा माझा हात दाबला, जोरात. आणि मग दोघींनाही हसू फुटलं. कशाचं ते परीला कळेना, तिनं फेसासकट येऊन आजीचा मुका घेतला.

डबी मात्र भरलेली. फेकायला दोघींचाही हात होईना. इतका धूर खाऊन भाजलेली, आणि ती माझ्यासाठी. शेवटी आत्यांनी उचलून वरच्या कोनाड्यात ठेवली, परीचा हात पोचणार नाही एवढ्या उंच.

आमचे पोचतात.

मि. ०. दोघींची.