मिनतीचा जबाब

१२ मार्च
दुपारभर पोलीस ठाण्यात. डोकं अजून भणभणतंय.
कामठीकडच्या वीटभट्टीवरची पोर, मिनती. नऊ-दहा वर्षांची असेल. आईबाप ओडिशातून हंगामाला आलेले. माती कालवायच्या यंत्रात तिचा उजवा हात गेला, तीन बोटं काढावी लागली. दवाखान्यातून सरळ बालगृहात. बालकल्याण समितीने मला तिची मदतनीस नेमलंय. जबाबाच्या वेळी शेजारी बसायचं, तिला एकटं वाटू द्यायचं नाही, एवढंच काम. एवढंच!
मालक म्हणतो, पोर कामावर नव्हतीच, खेळता खेळता पडली.
तिला मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. ओडिया समजून सांगायला ठाण्याने बसवलं कोणाला, तर भट्टीच्या मुकादमाला. मिनती किती वेळ बोलली. पट्टी बांधलेला हात गोल फिरवून दाखवला, घमेलं उचलल्यासारखं केलं. आणि हा एका वाक्यात मोकळा : "खेलते-खेलते गिरी, बोलती है."
मी म्हटलं, ती एवढं बोलली त्याचं काय? हवालदार माझ्यावरच वैतागले. "मॅडम, ओडिया येनारा दुसरा मानूस मी कुठून आनू? तुम्हाले येते का?"
नाही येत.

१४ मार्च
समितीत तक्रार दिली. त्यांनी मॅजिस्ट्रेटकडे नव्याने जबाब घ्यायची विनंती केली, दुभाष्या आपण आणायचा. आता दुभाष्या शोधा.

१९ मार्च
रेल्वेतले एक ओडिया गृहस्थ भेटले. चहा पाजला, सगळं ऐकलं, शेवटी "कोर्टाच्या भानगडीत नको." एक मिठाईवाला तर कोर्ट शब्द ऐकूनच आत गेला.
आणि ज्या दवाखान्यात मिनतीचा हात बांधला तिथेच सापडल्या, सस्मिता सिस्टर! तिच्याच मुलखातल्या, सोळा-सतरा वर्षं नागपुरात. म्हणाल्या, "ड्रेसिंग करताना मी तिच्याशी बोलत होते नं. मले कोनी विचारलंच नाही."
त्यांना बालगृहात घेऊन गेले. मिनतीने आधी सिस्टरांच्या तोंडाकडे पाहिलं, मग बोलतच सुटली. गावच्या तळ्याबद्दल. शेळीबद्दल. यंत्राबद्दल एक अक्षर नाही. सिस्टर म्हणाल्या, असू दे.

२ एप्रिल
आज काहीच नाही झालं. काहीच नाही म्हणजे वाईटच झालं.
कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसवून ठेवलं. समोरून बेड्या घातलेले दोघे गेले. मग भट्टीमालक आला, बरोबर मुकादम. मालक तिच्याकडे बघून चक्क हसला, ओळखीच्या पोरीकडे बघून हसतात तसा. मिनतीने माझ्या ओढणीत तोंड खुपसलं. फ्रॉक ओला झाला. मी आणि सिस्टरांनी तिला मधे धरून बाथरूमपर्यंत नेलं.
आत गेल्यावर ती दगड झाली. मॅजिस्ट्रेट मॅडम वाईट नाहीत. हळू बोलल्या, पाणी दिलं. पण ते उंच टेबल, काळे कोट, पुकारा...
अर्ज दिला : वेगळी खोली, वेगळं दार, मालक त्या दिवशी आवारात नको.

२२ एप्रिल
खोली मिळाली. भिंतीवर ससे-हत्ती रंगवलेत, सतरंजी आहे. मागच्या दाराने गेलो, कोणी दिसलं नाही. मिनती सतरंजीवर मांडी घालून तयार.
मॅडम रजेवर.
मिनतीला सिस्टरांनी काय सांगितलं कोण जाणे. ती मला समजावल्यासारखी माझ्या गुडघ्यावर थोपटत होती.

९ मे
ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. भट्टी लवकर बंद होऊन राहिली म्हणे. मिनतीची आई जेमा बालगृहाच्या फाटकाशी बसून होती. आतच येईना. सिस्टरांना फोन लावून दिला. जेमा फोनवर ओरडून रडत होती. मग सिस्टर मला म्हणाल्या, "ती विचारते, हात तर गेला, आता पोरगीपन ठेवून घेनार का?"
भट्टीवरची त्यांच्या गावची सगळी माणसं परत चाललीत. मिनतीला घेऊनच जायचंय तिला.
पाठवली तर जबाब गेला. मालक सुटला, पुढच्या हंगामात त्याच यंत्राशी दुसरी कोणी पोर. ठेवली तर... जबाबासाठी ठेवायची?
घरी ह्यांचं एकच : "काहून वं, जेवून नाही राहिली?"

११ मे
समितीने माझं मत विचारलं. म्हटलं, आईबरोबर जाऊ द्या. जबाब तिच्या जिल्ह्याच्या कोर्टातून व्हिडिओवर घ्या, परवानगीसाठी मी हात जोडते. समितीच्या बाई म्हणाल्या, "येईल का ती तिथे?" मी म्हटलं, येईल.
कशावरून म्हणाले मी हे?

१५ मे
स्टेशनवर गेले. बापाने माझ्याकडे पाहिलंही नाही, बोचकी मोजण्यातच गर्क. मिनतीने डाव्या हाताने टाटा केला. उजवा पदरात लपवला होता आईच्या.
गाडी गेल्यावरही बराच वेळ तिथेच.

३ ऑगस्ट
परवानगी आली! तीन महिने गेले त्यात. सिस्टरांनी ओरडून मैत्रिणीला सांगितलं वॉर्डात.

१६ सप्टेंबर
कोर्टातला व्हिडिओचा पडदा सुरू झाला. तिकडची खोली दिसली. एक कारकून, एक रिकामी खुर्ची. आणि आली! आईचा हात धरून. उंच झालीय. खुर्ची मोठी, पाय लोंबत होते. मॅडमनी इकडून सांगून लहान खुर्ची आणवली.
सिस्टर माझ्या शेजारी, दुभाष्या म्हणून. मॅडम आधी शेळीबद्दल बोलल्या. मग विचारलं, त्या दिवशी काय झालं?
मिनतीने सिस्टरांनाच काहीतरी विचारलं. सिस्टर मग म्हणाल्या, "मॅडम, ती विचारते, मी खरं सांगितलं तर माझ्या बाबाले काम कोण देईल?"
मॅडमनी चष्मा काढला. "तिला सांगा, मला माहीत नाही. खोटं नाही सांगणार मी तिला. पण सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे ती ठरवेल. तिच्यावर कोणी रागावणार नाही."
सिस्टरांनी सांगितलं. मिनती विचार करत राहिली. खरंच विचार करत होती, घाबरून गप्प नव्हती, मला तो फरक आता कळतो. मग म्हणाली, आज नाही.
मॅडमनी पुढची तारीख दिली. घाई करू नका म्हणाल्या.

२५ सप्टेंबर
जेमाचा फोन, सिस्टरांकडे. मुकादम गावात येऊन गेला. दसऱ्यानंतर माणसं न्यायची आहेत, घरोघरी विचारून राहिलाय. बाप हो-नाही काहीच बोलला नाही. मिनती रात्रंदिवस बडबडते घरात, यंत्राबद्दलसुद्धा. कोर्टात बोलेल का, आई सांगू शकत नाही.
तारीख दसऱ्याआधी आहे. थोडी आधी.
पडद्यातून तिचा हात कसा धरणार मी?

२८ सप्टेंबर
समितीची मंजुरी मिळाली. सिस्टर इथल्या कोर्टात मॅडमशेजारी बसतील, मी तिकडे मिनतीजवळ. तिकीट काढलं. वेटिंग आहे.
हे म्हणाले, "तुले भाषा येत नाही, गाव माहीत नाही. तिथं तुले वळखते कोन?"
मी म्हटलं, मिनती.