दारातल्या चपला

धुळे, गुरुवार, ३ डिसेंबर १९८७

आज दुपारी आईने तलाठ्याला सांगितलं की मी मेलो.

मी मागच्या खोलीत बसून ऐकत होतो. निराधारांच्या पेन्शनीला घरात कमावता मुलगा असून चालत नाही. मुलगा आहे, पण कापसाची जिनिंग मिल बंद पडल्यापासून कमावत नाही, हे सरकारला कोण पटवणार? म्हणून आईनेच ठरवलं, मुलगाच नाही म्हणायचं. गल्लीलाही तिनेच गप्प केलं. फक्त दारातल्या माझ्या चपला उचलायच्या राहिल्या.

"या कोणाच्या?" तलाठ्याने विचारलं.

"मना पोऱ्यान्या शेतस, भाऊ. तो गया. आते टाकाले जीव होत नही."

आणि रडली. खरंच रडली. ऐनवेळी इतकं बरोबर कसं सुचलं तिला? की आधीच कधी मनात येऊन गेलं होतं?

तलाठी विरघळला. "काम होईल, अक्का. मी येत जाईन मधूनमधून," म्हणाला. मधूनमधून! म्हणजे दर वेळी मी मागच्या खोलीत? आणि उद्या कुठे काम मिळालं तर? ते तरी उजळ माथ्याने कसं करू?

तो गेल्यावर बाहेर पडावं म्हणून चपलांत पाय घातला, तर आई चुलीपासून ओरडली, "त्या नको घालू रे! अंधार पडू दे."

अंधार पडून बराच वेळ झाला. आता तीच म्हणते आहे, जरा फिरून ये. चपला दारातच आहेत. तिने त्या पुसून, नीट जोडून ठेवल्या आहेत.