भेगेवरची काच

प्रिय भिंगरी,

तुझा अहवाल चष्मा लावून दोनदा वाचला. अर्धा डोक्यावरून गेला, पण मुद्दा कळला: नगरभवनाची मधली भिंत सरकतेय, इमारत पाडावी. शुक्रवारी सभेत त्यावर मत घेणार आहेत म्हणे. खाली लेकीची सही बघून ऊर भरून आला आणि लगेच हे पत्र लिहायला बसले. का ते सांगते, जरा दम धर.

एकतीस वर्षं मी तिथे झाडू मारलाय. तुमच्या नकाशांत नसेल ते मला ठाऊक आहे. खांब आणि घड्याळाचा मनोरा असलेला पुढचा भाग आधी झाला. तेव्हा इथे चार गल्ल्या आणि एक वीटभट्टी, बाकी मोकळं रान. वस्ती वाढली, सभेला आलेली माणसं बाहेर पायऱ्यांवर बसू लागली, तेव्हा कुठे पंचवीस वर्षांनी मागे मोठा हॉल जोडला. पुढच्या विटा लालभडक, मागच्या फिक्या. गवंड्याने मधल्या भिंतीतला सांधा गिलाव्याखाली झाकला, पण सांधा तो सांधाच. दोन घरची माणसं एका छपराखाली आली की थोडी भेग राहतेच. तुझ्या बाबांच्यात आणि माझ्यात नव्हती का? म्हणून काय संसार मोडला?

मी कामाला लागले तेव्हा ती भेग होतीच. जुन्या ओव्हरसियरसाहेबांनी तिच्यावर काचेचा आडवा तुकडा बसवला होता, दोन्ही टोकं सिमेंटात, शेजारी तारीख. मला बजावलं होतं, भिंत केसभर हलली तरी काच तडकेल, तेव्हा फडकंही जपून फिरवा. मी जिवापाड जपली गं. शाळा सुटली की तू तिच्यासमोर उभी राहून ती तारीख मोठ्याने वाचायचीस. इंजिनीअर व्हायचं खूळ तुझ्या डोक्यात तिथेच शिरलं, असं मी गावभर सांगत फिरते. आणि आता तुझ्या अहवालात मुख्य पुरावा तीच, तडकलेली काच. ती असताना वेगळी मापं घेत बसायची गरज नाही, असंही लिहिलंयस.

अगं, ती भिंतीने नाही तडकवली. मी तडकवली. निवृत्तीला चार महिने उरले होते, जळमटं काढताना शिडी घसरली आणि तिचं टोक थेट काचेवर बसलं. कुणी पाहिलं नाही. जाता जाता नावाला बट्टा नको म्हणून मी मूग गिळून बसले, तुलासुद्धा बोलले नाही. भिंत खरंच सरकत असेल तर खुशाल पाडा, मी आडवी येणार नाही. पण आधी नवी काच लावा, सहा महिने बघा. माझ्या धांदरटपणाची शिक्षा त्या इमारतीला कशाला? शुक्रवारी मी सभेत उभी राहून हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुझं पहिलंच मोठं काम, तुझी नाचक्की होईल, चार लोक हसतील. लिहिताना रडू येतंय मला. तू चिडशील, महिनोन् महिने बोलणार नाहीस, तेही सोसेन. माघार मात्र घेणार नाही. फक्त हे तुला भरसभेत, परक्यांच्या गर्दीत, माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकावं लागू नये, म्हणून आजच पत्र टाकतेय.

तुझीच,
उशिरा शहाणी झालेली आई